कारणे लिहून ठेवणारा गव्हर्नर : जॉन ऑल्टगेल्ड यांच्या इलिनॉयमध्ये

पहिला दिवस : हेमार्केट

जॉन पीटर ऑल्टगेल्ड हे १८९३ ते १८९७ या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे गव्हर्नर होते. महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही; मात्र शिकागोतील ज्या हेमार्केट घटनेशी ते नाव कायमचे जोडले गेले, तिची आठवण आपण दर वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र दिनाबरोबरच कामगार दिन म्हणून पाळतो. पुण्यात कामगार न्यायालयात वकिली करीत असताना मी त्या प्रकरणातील कैद्यांसाठी त्यांनी लिहिलेला माफीचा आदेश प्रथम वाचला आणि तेव्हापासून हा माणूस जेथे वावरला ती ठिकाणे पाहावीत असे मनात होते. शिकागोजवळ राहणाऱ्या पुतण्याने सुट्टी काढली आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो योग आला.

सुरुवात डेसप्लेन्स स्ट्रीटपासून करणे भाग होते. रँडॉल्फ स्ट्रीटच्या थोडे उत्तरेला, पदपथावरच, एक गाडी आणि तिच्यावर उभे राहून बोलणारी माणसे असे लालसर रंगाचे शिल्प आहे. मेरी ब्रोगर यांचे हे शिल्प २००४ मध्ये येथे उभारले गेले. चौथऱ्यावर जगभरातील कामगार संघटनांनी आणून लावलेल्या पाट्या आहेत. १८८६ च्या ४ मे रोजी रात्री हेमार्केट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, याच जागी, माल वाहण्याच्या एका घोडागाडीचे व्यासपीठ करून सभा झाली होती. आठ तासांच्या दिवसासाठी १ मेपासून शहरात संप सुरू होता, ३ मे रोजी मॅककॉर्मिक कारखान्याच्या दारात पोलिसांनी गोळीबार केला होता आणि त्याच्या निषेधासाठी लोक जमले होते. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेत येऊन, सारे शांत आहे असे पाहून परत गेले होते. पावसाची चिन्हे दिसू लागल्याने बहुतेक श्रोते निघून गेले होते आणि सॅम्युअल फील्डन यांचे भाषण संपत आले होते; इतक्यात पोलिसांची मोठी तुकडी सभा बंद करण्यासाठी आली आणि कोणीतरी बाँब फेकला. त्या स्फोटात आणि त्यानंतरच्या अंधाधुंद गोळीबारात सात पोलीस आणि अनेक नागरिक प्राणाला मुकले. तो बाँब कोणी फेकला हे आजवर सिद्ध झालेले नाही.

तेथून आम्ही नदी ओलांडून हबर्ड स्ट्रीटवर गेलो. आज तेथे दिसणारी जुन्या न्यायालयाची इमारत १८९३ ची आहे. तिच्या आधी त्याच जागी असलेल्या इमारतीत हेमार्केटचा खटला चालला. आठ आरोपी होते, सारे अराजकवादी म्हणजे कोणतीही राज्यसत्ता न मानणारे, आणि त्यांपैकी एकावरही स्वतः बाँब फेकल्याचा पुरावा नव्हता. ज्युरीसाठी ९८१ जणांची तपासणी झाली. अराजकवाद्यांविषयी आपले मत आधीच बनले आहे असे सांगणाऱ्यांनाही न्यायाधीश जोसेफ गॅरी यांनी पात्र ठरवले. ज्याने उमेदवार गोळा केले त्या बेलिफाने, ही माणसे फासावर जाणारच, अशी भाषा केल्याचे प्रतिज्ञापत्र पुढे समोर आले. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी ऑगस्ट स्पाइस, अल्बर्ट पार्सन्स, अ‍ॅडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना फाशी झाली. लुई लिंग आदल्याच दिवशी कोठडीत मरण पावला होता. फील्डन आणि मायकेल श्वाब यांची फाशी तेव्हाचे गव्हर्नर ओगल्सबी यांनी जन्मठेपेत बदलली आणि ऑस्कर नीबी यांना पंधरा वर्षांची शिक्षा होती. हे तिघे जोलिएटच्या तुरुंगात असतानाच ऑल्टगेल्ड गव्हर्नर झाले.

दुसरा दिवस : वाल्डहाइम

शिकागोची निळी लोकल पश्चिमेला फॉरेस्ट पार्क येथे संपते. तेथून जवळच असलेल्या दफनभूमीला आता फॉरेस्ट होम म्हणतात. जुन्या जर्मन वस्तीत तिचे नाव वाल्डहाइम होते. फाशी गेलेल्यांना शिकागो शहरात जागा मिळाली नाही म्हणून त्यांना येथे आणले गेले. अल्बर्ट वाइनर्ट यांनी घडवलेल्या स्मारकात, पडलेल्या कामगाराच्या मस्तकावर हार ठेवून पुढे पाऊल टाकणारी एक कांस्याची स्त्री आहे. फासाची दोरी गळ्यात असताना स्पाइस जे बोलले, की आज तुम्ही ज्या आवाजांचा गळा दाबता आहात त्यांच्यापेक्षा आमचे मौन अधिक बलवान ठरेल असा दिवस येईल, ते शब्द पायथ्याशी कोरलेले आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा मे दिनाला कोणी वाहिलेली लाल फुले सुकू लागली होती.

या स्मारकावर ऑल्टगेल्ड यांच्या आदेशातील मजकुराची पाटी आहे. स्मारकाचे अनावरण २५ जून १८९३ रोजी झाले आणि दुसऱ्याच दिवशी, २६ जूनला, गव्हर्नरांनी उरलेल्या तिघांना बिनशर्त माफी दिली.

त्या वेळी माफी मागणारे थोडे नव्हते. सुमारे साठ हजार सह्यांचा अर्ज राज्यपातळीवर गेला होता आणि त्यात प्रतिष्ठित वकील, व्यापारी, पेढीवाले यांच्याही सह्या होत्या. या सर्वांचे म्हणणे साधारण असे होते की गुन्हा घडला हे मान्य, पण शिक्षा पुरेशी भोगून झाली आहे, आता दया दाखवावी. गव्हर्नरांनी एवढेच लिहिले असते तर शहराने ते मुकाट्याने स्वीकारले असते. त्यांनी तसे केले नाही. आरोपी दोषी असतील तर दयेला जागा नाही, आणि ते दोषी ठरलेच नसतील तर त्यांना दया देणारे आपण कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुढे ठेवला आणि खटल्याची सारी कागदपत्रे वाचून सुमारे अठरा हजार शब्दांचा आदेश लिहिला. ज्युरी निवडलेली नव्हे तर जमवलेली होती; ज्युरीत बसलेली माणसे त्यांच्याच शब्दांनुसार निःपक्षपाती नव्हती; बाँब फेकणाऱ्याने या आरोपींचे एक वाक्यही ऐकले किंवा वाचले होते असे सरकार पक्षाने दाखवले नाही; नीबींविरुद्ध तर पुरावाच नव्हता; आणि न्यायाधीशांचे वर्तन पक्षपाती होते. असा एकेक मुद्दा त्यांनी साक्षीतील उतारे देऊन मांडला. पोलिसांनी आधीच्या वर्षांत संपकऱ्यांना कशी मारहाण केली आणि त्याबद्दल कोणालाही शिक्षा कशी झाली नाही हेही त्यांनी त्यात घातले, कारण सूडाने पेटलेल्या एखाद्या एकट्या माणसाने हे कृत्य केले असण्याची शक्यता त्यांना अधिक वाटत होती.

अपिलात निकाल फिरवताना न्यायाधीश जे करतात तेच काम येथे एका निवडून आलेल्या राजकारण्याने, कोणतीही सक्ती नसताना केले. कायद्याने त्यांना फक्त सही करणे पुरेसे होते. माझ्या मते त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीचे मर्म या एका निर्णयात आहे आणि पुढचे दिवस मी तेच शोधत फिरलो.

तिसरा दिवस : हल-हाउस आणि डिअरबॉर्न स्ट्रीट

हॉल्स्टेड स्ट्रीटवर जेन अ‍ॅडम्स यांनी गरीब वस्तीत चालवलेल्या हल-हाउस या समाजसेवा केंद्राच्या तेरा इमारतींपैकी दोनच उरल्या आहेत. बाकीच्या विद्यापीठाच्या विस्तारासाठी १९६० च्या दशकात पाडल्या गेल्या. येथे राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी शिवणकामाच्या कोंदट खोल्यांमधील स्त्रियांची आणि मुलांची स्थिती पाहून अहवाल लिहिला होता. ऑल्टगेल्ड यांच्या पाठिंब्याने १८९३ मध्ये कारखाना तपासणी कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास त्याने बंदी केली आणि स्त्रियांसाठी आठ तासांचा दिवस ठरवला. गव्हर्नरांनी केली यांनाच मुख्य तपासनीस नेमले. त्यांच्या हाताखालच्या दहा उपतपासनिसांपैकी पाच स्त्रियाच असाव्यात अशी तरतूद कायद्यातच होती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली त्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती, हे संग्रहालयातील छायाचित्रांपुढे उभे असताना आठवल्यावाचून राहिले नाही.

सरकारी वकील खटले चालवण्यास उत्सुक नाहीत असे दिसताच केली यांनी स्वतः कायद्याची पदवी घेतली. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांची तरतूद घटनाबाह्य ठरवली, १८९७ मध्ये नव्या गव्हर्नरांनी केली यांना पदावरून दूर केले, तरी मुलांच्या कामावरील बंदी टिकली.

दुपारी डिअरबॉर्न स्ट्रीटवर गेलो. पिकासोचे प्रचंड शिल्प असलेल्या न्यायालयाच्या चौकासमोर आज एक बाजारसंकुल आहे. तेथे १८९२ पासून ऑल्टगेल्ड यांनी बांधलेली सोळा मजली युनिटी बिल्डिंग उभी होती. ती १९८९ मध्ये पाडली गेली. जमिनीच्या व्यवहारांत मिळवलेली सारी संपत्ती त्यांनी या इमारतीत घातली होती आणि गव्हर्नरपदाच्या काळात ती कर्जात बुडत चालली होती. नेमक्या त्याच वेळी, १८९५ मध्ये, शिकागोच्या ट्राममार्गांचे मालक चार्ल्स यर्क्स यांना दीर्घ मुदतीची मक्तेदारी देणारी विधेयके विधिमंडळाने मंजूर केली. ऑल्टगेल्ड यांना पाच लाख डॉलरची लाच देऊ केली गेली असे सांगितले जाते. त्यांनी विधेयके नाकारली आणि का नाकारली ते विधिमंडळाला लेखी कळवले. पुढे इमारत हातची गेली.

चौथा दिवस : पुलमन

शहराच्या दक्षिण टोकाला, रेल्वेचे डबे बनवणारे उद्योजक जॉर्ज पुलमन यांनी १८८० च्या सुमारास वसवलेले गाव आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. १९९८ मध्ये आगीत होरपळलेला घड्याळाचा मनोरा पुन्हा उभारून त्यात माहिती केंद्र केले आहे. समोर मालकाच्या कन्येच्या नावाचे हॉटेल फ्लॉरेन्स आणि मागे विटांच्या घरांच्या रांगा आहेत. घरे कामगारांची, पण मालकी कंपनीची. वास्तुशिल्प म्हणून हे गाव खरोखर देखणे आहे. सॉलन बीमन यांच्या आराखड्यातील प्रमाणबद्धता आजही डोळ्यांना सुखावते आणि तेथे राहणारी कुटुंबे आपल्या घरांची निगा प्रेमाने राखतात.

१८९३ च्या मंदीनंतर कंपनीने मजुरी सरासरी चतुर्थांशाने कमी केली आणि घरभाडे मात्र तेवढेच ठेवले. भाडे पगारातूनच कापले जात असल्याने कित्येकांच्या हाती जवळजवळ काहीच उरत नसे. ११ मे १८९४ रोजी येथील कामगार संपावर गेले. युजीन डेब्ज यांच्या रेल्वे कामगार संघटनेने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवायच्या नाहीत असे ठरवले आणि शिकागोच्या पश्चिमेकडील रेल्वे जवळजवळ थांबली. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी जुलैच्या सुरुवातीला शिकागोत केंद्राचे सैन्य उतरवले. राज्याच्या गव्हर्नरांनी सैन्य मागितले नव्हते, त्यांना विचारलेही नव्हते.

५ जुलैला ऑल्टगेल्ड यांनी अध्यक्षांना तार केली. राज्याचे शिपाई सज्ज आहेत, जेथे जेथे मागणी आली तेथे आपण ते पाठवले आहेत, शिकागोतून अशी मागणी आलेली नाही, आणि राज्यात अशांतता असेल तर विधिमंडळाच्या किंवा गव्हर्नरांच्या विनंतीवरून केंद्राने संरक्षण द्यावे असे संविधान सांगते. अध्यक्षांनी थोडक्यात उत्तर दिले की टपाल आणि आंतरराज्य व्यापार यांना अडथळा होत असल्याने आपल्याला तो अधिकार आहे. ऑल्टगेल्ड यांनी पुन्हा सविस्तर लिहिले. तेव्हा अध्यक्षांनी चर्चा थांबवली. सैन्य आल्यावर हिंसा शमण्याऐवजी भडकली, शेकडो डबे जाळले गेले आणि मग महापौरांनी मागणी करताच ऑल्टगेल्ड यांनी राज्याचे शिपाई शिकागोत आणले. ते कायदा-सुव्यवस्थेला पाठ फिरवणारे नव्हते हे यावरून स्पष्ट होते. शिपाई कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या मर्यादेत वापरायचे हा त्यांचा मुद्दा होता. १८९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डेब्ज यांच्या प्रकरणात केंद्राची बाजू उचलून धरली. निकाल वाचूनही मला ऑल्टगेल्ड यांचा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो. संघराज्यात राहणाऱ्या कोणाही वकिलाने त्या तारा वाचाव्यात. सप्टेंबरातील कामगार सुट्टीच्या कायद्यावर याच क्लीव्हलँड यांनी त्याच जूनच्या अखेरीस सही केली होती, त्यामुळे शिकागोत जन्मलेला १ मे अमेरिकेत मात्र कामाचाच दिवस राहिला आहे.

संप मोडल्यावर, ऑगस्टमध्ये, उपासमार होत असलेल्या कुटुंबांची दाद घेऊन ऑल्टगेल्ड स्वतः या गावात आले, घरे पाहिली आणि कंपनीने भाडे माफ करावे म्हणून पुलमन यांना पत्र लिहिले. कंपनीने ते मानले नाही. अखेर १८९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्याव्यतिरिक्तची मालमत्ता विकण्याचा आदेश दिला.

संध्याकाळी आणखी दक्षिणेला ऑल्टगेल्ड गार्डन्स या वसाहतीतून फेरी मारली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कृष्णवर्णीय कामगारांसाठी बांधलेली ही वसाहत कचरा टाकण्याच्या जागा आणि कारखाने यांनी वेढलेली आहे. येथील रहिवासी हेझल जॉन्सन यांनी प्रदूषणाविरुद्ध उभारलेल्या लढ्यामुळे पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि तरुण बराक ओबामा यांनी ज्या वस्त्यांत संघटक म्हणून काम केले त्यांत हीही एक होती.

पाचवा दिवस : स्प्रिंगफील्ड

शिकागोहून राजधानीपर्यंत दक्षिणेला सुमारे तीनशे वीस किलोमीटरचा रस्ता सपाट शेतांतून जातो. वाटेत पुतण्याने विचारले, “काका, हा माणूस मुळात आला कुठून?” तेव्हा मला त्याला आरंभापासून सांगता आले.

३० डिसेंबर १८४७ रोजी जर्मनीतील नासाऊ प्रांतात जन्मलेले हे मूल काही महिन्यांचे असताना आईवडिलांबरोबर ओहायोत मॅन्सफील्डजवळ आले. वडील शेतकरी, मुलाला शेतावर राबवणारे, शिक्षणाचे प्रेम नसलेले. सोळाव्या वर्षी जॉन यादवी युद्धात शंभर दिवसांच्या पलटणीत भरती झाला आणि व्हर्जिनियात तापाने इतका ग्रासला की पुढे आयुष्यभर प्रकृती ठीक राहिली नाही. शाळा शिकवली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली, पश्चिमेकडे जात जात मिसुरीतील सव्हाना गावी कायदा शिकून वकील झाला आणि १८७५ मध्ये शिकागोत आला. १८७७ मध्ये मॅन्सफील्डच्या एमा फोर्ड यांच्याशी विवाह झाला. १८८४ मध्ये त्यांनी तुरुंगव्यवस्थेवर एक छोटे पुस्तक स्वखर्चाने वाटले. गरिबालाच तुरुंग कसा गिळतो आणि सुटल्यावर पुन्हा कसा ओढून घेतो हे त्यात आकडे देऊन सांगितले होते. ओहायोत ते वाचून क्लॅरेन्स डॅरो हा तरुण वकील पुढे शिकागोला आला आणि त्यांचा निकटचा मित्र झाला. १८८६ पासून पाच वर्षे ऑल्टगेल्ड न्यायाधीश होते. १८९२ मध्ये जोसेफ फायफर यांचा पराभव करून ते इलिनॉयचे परदेशात जन्मलेले पहिले गव्हर्नर झाले. यादवी युद्धानंतर त्या पदावर आलेले ते पहिलेच डेमोक्रॅट होते.

विधानभवनाचा घुमट ३६१ फूट उंच आहे, वॉशिंग्टनच्या घुमटाहूनही उंच. जानेवारी १८९३ मध्ये शपथविधीच्या वेळी ऑल्टगेल्ड इतके आजारी होते की त्यांचे भाषण दुसऱ्याला वाचावे लागले. आत भिंतीवर गव्हर्नरांची तैलचित्रे रांगेने लावली आहेत. आखूड कापलेले केस, दाढी आणि काहीसे खिन्न डोळे असलेला हा चेहरा मी बराच वेळ पाहिला.

येथील गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. आपल्याकडे राज्यपाल संविधानाच्या अनुच्छेद १६१ अन्वये शिक्षा माफ करतात ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. इलिनॉयमध्ये १८९३ साली निर्णय आणि त्याची जोखीम दोन्ही एकाच व्यक्तीच्या शिरावर होती. डॅरो यांनी नंतर लिहून ठेवले आहे की माफीला उशीर होतो म्हणून ते अस्वस्थ झाले, तेव्हा ऑल्टगेल्ड यांनी त्यांना सांगितले की कागद वाचून माझी खात्री पटली तर मी माफी देईन, पण त्या दिवसापासून राजकारणात मी मेलेला माणूस असेन. तसेच झाले. वृत्तपत्रांनी त्यांना अराजकवादी म्हटले, जन्माने परका म्हणून हिणवले. १८९६ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात जाहीरनाम्यावर त्यांचीच छाप होती, पण परदेशी जन्मामुळे ते स्वतः अध्यक्षपदाचे उमेदवार होऊ शकत नव्हते. आणि त्याच वर्षी जॉन टॅनर यांनी त्यांचा पराभव केला. पायउतार होणाऱ्या गव्हर्नरांनी निरोपाचे भाषण करण्याची प्रथा होती. ती संधीही त्यांना दिली गेली नाही.

१८५५ पासून वापरात असलेले गव्हर्नरांचे निवासस्थान आम्ही संध्याकाळी पाहिले. त्याच्या शेजारच्याच घरात व्हेचल लिंडसे हा कवी वाढला, ज्याने पुढे ऑल्टगेल्ड यांच्यावर कविता लिहिली.

सहावा दिवस : अर्बाना आणि जोलिएट

परतताना वाट वाकडी करून अर्बानाला थांबलो. ऑल्टगेल्ड यांच्या कारकिर्दीत राज्य विद्यापीठाचे अनुदान पुष्कळ वाढले. तेव्हा ग्रंथालयासाठी बांधलेली, खडबडीत दगडांची आणि उंच मनोऱ्याची इमारत १९४१ पासून ऑल्टगेल्ड हॉल म्हणून ओळखली जाते. बाहेरून पाहून निघालो.

जोलिएटचा जुना तुरुंग २००२ मध्ये बंद झाला आणि आता मार्गदर्शकासह पाहता येतो. पिवळट चुनखडीच्या भिंती १८५८ च्या आहेत. २६ जून १८९३ रोजी माफीचे कागद घेऊन येथे आलेले गृहस्थ म्हणजे पेढीवाले ड्रायर होते. ज्या ग्रँड ज्युरीने आठ जणांवर आरोप ठेवले तिचे ते प्रमुख होते, आणि नंतर माफीसाठी झटणाऱ्यांतही ते होते. गव्हर्नरांकडून कागद हाती घेताना ड्रायर यांना रडू आवरेना, असे तेथे उपस्थित असलेल्या ब्रँड व्हिटलॉक या तरुण कारकुनाने नमूद केले आहे. फील्डन, नीबी आणि श्वाब याच फाटकातून बाहेर पडले.

नऊ वर्षांनी, ११ मार्च १९०२ रोजी, ऑल्टगेल्ड याच गावात दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या बाजूने भाषण करण्यासाठी आले होते. संपत्ती गेली होती, १८९९ ची महापौरपदाची निवडणूक हरले होते आणि डॅरो यांच्या कचेरीत वकिली करून उपजीविका चालली होती. भाषण संपवून बाहेर येताच ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मेंदूतील रक्तस्रावाने गेले, वय चोपन्न. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांचा देह ठेवला गेला तेव्हा हजारो लोक रांगेने दर्शन घेऊन गेले, आणि अंत्यविधीच्या वेळी जेन अ‍ॅडम्स आणि डॅरो बोलले.

सातवा दिवस : ग्रेसलँड आणि लिंकन पार्क

ग्रेसलँड दफनभूमीत ऑल्टगेल्ड आहेत, आणि जॉर्ज पुलमनही. कामगार थडगे उकरतील या भीतीने पुलमन यांची पेटी काँक्रीट आणि पोलाद यांत पुरली गेली. वर बीमन यांनीच रचलेला उंच स्तंभ आहे. हेमार्केटच्या दोषींना माफी देण्यास विरोध करणारे व्यापारी मार्शल फील्ड आणि गुप्तहेरांच्या संस्थेचे संस्थापक अ‍ॅलन पिंकर्टन हेही जवळपासच आहेत. नकाशा हाती घेऊन हिंडताना त्या काळाचे दोन्ही पक्ष एका कुंपणात सापडतात.

लिंकन पार्कमधील पुतळा गट्झन बोर्ग्लम यांचा आहे, ज्यांनी पुढे रशमोर पर्वतावर चार अध्यक्षांचे चेहरे कोरले. १९१५ च्या कामगार सुट्टीच्या दिवशी त्याचे अनावरण झाले. ऑल्टगेल्ड ताठ उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी एक पुरुष, एक स्त्री आणि एक मूल आश्रयाला आल्यासारखे दबून बसले आहेत. कारागिरी उत्तम आहे, पण ही कल्पना मला मान्य होत नाही. आपल्या आदेशात या माणसाने आरोपींना आपल्या पायाशी बसवले नव्हते. त्यांची बाजू साक्षीपुराव्यासह मांडून, ते कायद्याने मोकळे व्हायला हवेत असे म्हटले होते. कारखाना कायद्याच्या तपासनीस स्त्रिया तर मालकांच्या दारात उभ्या राहून नोंदवही मागत होत्या. शिल्पकाराने कामगारांना त्यांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीवर उभे करायला हवे होते, असे मी पुतण्याला म्हणालो. त्याला ते पटले नाही, आणि आम्ही त्यावर परतीच्या वाटेवर बराच वेळ वाद घातला.